सुनेचं आयुष्मान कार्ड आणि पलीकडचा दाखला

बाघ नदीच्या अलीकडे महाराष्ट्रात आमचं गाव, पलीकडे मध्यप्रदेशचा बालाघाट जिल्हा. दोन्हीकडे सोयरिकी आहेत, त्यामुळे ज्या भानगडीत आम्ही अडकलो तीत या पट्ट्यातलं अर्धं गाव कधी ना कधी अडकतंच. तरी रेशनकार्डाचं काम बघणाऱ्या तालुक्याच्या पुरवठा शाखेत दर वेळी असं वागवतात, जणू मध्यप्रदेशची सून पहिल्यांदाच कुणी घरात आणली.

सुनेचं आयुष्मान कार्ड, म्हणजे दवाखान्यात मोफत उपचाराचं कार्ड, काढायला सेवा केंद्रात गेलो, तर पोराने एका मिनिटात सांगितलं, "काका, रेशनमध्ये नावच नाही, कार्ड कुठून निघेल?" बरोबर होतं त्याचं. आमच्यासारख्या प्राधान्य (माणशी स्वस्त धान्य मिळणाऱ्या) कुटुंबांची नावं आयुष्मानच्या यादीत रेशनच्या ऑनलाइन नोंदीतून येतात. १२ अंकी रेशन नंबरखाली नाव दिसत नसेल तर लग्नाची पत्रिका दाखवा की सरपंचाचा दाखला, उपयोग नाही. रेशनच्या पुस्तिकेत हाताने लिहिलेलं नावही धरत नाहीत. म्हणून सुरुवात पुरवठा शाखेपासून करा, आयुष्मानच्या साइटपासून नको.

नाव वाढवायला नमुना ८ चा अर्ज, विवाह नोंदणीचा दाखला, तिचं आधार, आपल्या रेशनकार्डाची झेरॉक्स. इथपर्यंत काही अडत नाही. विवाह नोंदणी ग्रामपंचायतीत होते, तीन साक्षीदार लागतात, लग्नानंतर ९० दिवसांच्या आत केली तर बरं.

अडतं ते पुढच्या कागदापाशी. "माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणा."

मुलगी भंडाऱ्याची किंवा चंद्रपूरची असती तर नमुना ९ भरून तिच्या तहसीलमधून तो मिळाला असता. पण मध्यप्रदेशात कारभार वेगळा. तिथे घराची नोंद समग्र आयडीवर असते, कुटुंबाचा ८ अंकी आणि माणसाचा ९ अंकी नंबर, आणि रेशन मिळतं पात्रता पर्चीवर, म्हणजे घरातल्या पात्र माणसांची नावं असलेल्या चिठ्ठीवर. तिथले पंचायत सचिव म्हणतात, "कागज नहीं बनता, सब ऑनलाइन है." इथले बाबू म्हणतात, ऑनलाइन आम्हाला दिसत नाही, शिक्क्याचा कागद आणा. दोघंही आपापल्या जागी खरं बोलतात, आणि मधल्या मधे आपण एसटीची तिकिटं फाडत बसतो.

पहिल्या दोन चकरा वाया गेल्या, कारण एक गोष्ट कुणी सांगितलीच नाही. समग्रमधून नाव निघालं म्हणजे रेशनमधून निघालं असं होत नाही. ही दोन वेगळी कामं. समग्रमधली विनंती सचिव किंवा रोजगार सहायक टाकतात आणि मंजुरी जनपद पंचायतीतून (तिकडच्या पंचायत समितीतून) येते. पात्रता पर्चीतलं नाव खाद्य विभागाच्या नोंदीतून वेगळं काढावं लागतं. आम्ही समग्रची प्रिंट घेऊन आलो, इकडे अर्ज भरला, आणि तो अडकला. सुनेचं आधार अजून पलीकडच्या रेशनला जोडलेलं होतं. एकच आधार दोन राज्यांच्या रेशनमध्ये चालत नाही, आणि खिडकीवरचा माणूस यातलं काही न सांगता फक्त "उद्या या" म्हणतो. त्यात पर्चीचा हिशोब महिन्याचा. महिनाअखेर काढलेलं नाव पुढच्या महिन्याच्या पर्चीतून गेलेलं दिसलं.

शेवटी चाललं ते असं. तिच्या वडिलांच्या घरची नवी पात्रता पर्ची, जिच्यात तिचं नाव नाही. समग्रच्या कुटुंबाची ताजी प्रिंट. आणि पंचायतीच्या लेटरहेडवर चार ओळी: अमुक मुलीचं लग्न होऊन ती महाराष्ट्रात गेली, तिचं नाव अमुक तारखेला कमी केलं, आधारचे शेवटचे चार अंक हे. खाली सही आणि गोल शिक्का. सचिव आधी नाही म्हणाले, पण मजकूर आम्ही हिंदीत लिहूनच नेला तेव्हा दोन मिनिटांत सही केली. कोरा कागद पुढे केला की लोक घाबरतात, लिहिलेला असला की सही करतात. हे तिन्ही कागद अर्जाला टाचणीने लावा आणि तारखेची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. बाबूने परत पाठवलं तर एवढंच म्हणायचं, "काय कमी आहे ते अर्जावर लिहून द्या ना जी." आमच्या अर्जावर काही लिहिलं गेलं नाही, अर्ज मात्र घेतला गेला.

एक आधीच सांगायला हवं होतं. आधारवर सासरचं नाव लावायची घाई करू नका. समग्रची ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवणी, आधारवरच्या नावाशी जुळवून होते. तिकडे माहेरचं नाव आणि इकडे सासरचं झालं की नाव काढायचं कामच अडतं. आधी तिकडची दोन्ही कामं, मग आधार. ओटीपी येणारा मोबाइल नंबरही तोवर बदलू नका.

अधिवास प्रमाणपत्र काढा, असाही सल्ला एकाने दिला. त्यासाठी साधारण १५ वर्षांचा महाराष्ट्रातला रहिवास लागतो. सुनेला कुठून दाखवणार? रेशनकार्डात नाव वाढवायला ते आमच्याकडे कुणी मागितलंच नाही. त्यातही एक दिवस गेला.

अर्ज मंजूर झाला तरी ताबडतोब खूश होऊ नका. प्राधान्य कुटुंबात तालुक्याचा इष्टांक, म्हणजे ठरवून दिलेली माणसांची संख्या, भरलेला असेल तर नाव कार्डात येतं, पण अन्नसुरक्षेच्या यादीत येत नाही. ओळखायचं कसं? रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनची पावती बघा. माणशी महिन्याला ५ किलो धान्य. चौघांचं २० किलो यायचं ते २५ झालं, की सून यादीत आली. अंत्योदयवाल्यांना ही खूण चालत नाही, त्यांना कार्डामागे ३५ किलोच मिळतं. त्यांनी १२ अंकी नंबर टाकून नावं बघावीत. त्यानंतर आयुष्मान कार्ड दहा मिनिटांचं काम आहे, चेहरा दाखवून ई-केवायसी होते.

मधल्या महिन्यांत दवाखान्याचं काय, हा खरा घोर. माहेरी तिचं आयुष्मान कार्ड निघालेलं असेल तर ते सांभाळून ठेवा, योजनेत असलेल्या दुसऱ्या राज्याच्या दवाखान्यातही ते चालतं. खर्च मात्र माहेरच्या कुटुंबाच्या ५ लाखांतून वजा होतो. आपलं प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय इथे १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. रेफर होऊन नागपूरला मेडिकल किंवा मेयोला गेलात तर ती सवलत तशीच्या तशी लागू नाही, कारण ही दोन्ही सरकारी कॉलेजांची रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहेत. बाळंतपणासाठी तर कार्डाची वाट बघूच नका. सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सिझेरियनसुद्धा मोफत, औषधं आणि गाडीही त्यातच.

नाव चढल्यावर रेशन दुकानात सुनेचा अंगठा लावून तिची ई-केवायसी लगेच करून घ्या, नाहीतर चढलेलं नाव पुन्हा उतरायची भीती. आता नातवाचं नाव वाढवायचं आहे. तो इकडेच जन्मला, त्यामुळे कुठूनच कमी करायचं नाही. जन्मदाखला आणि तोच नमुना ८.