जहाल रेझर आणि हलका हात

जर्मनीत सुऱ्या-कात्र्यांच्या जुन्या दुकानात गेलं की काचेच्या कपाटात दुधारी ब्लेडचे सेफ्टी रेझर मांडलेले दिसतात. इकडे राहणारी आपली मुलं कार्ट्रिजच्या किमतीला कंटाळून त्यांच्याकडे वळतात. गणपतीला गावी येताना मग बाबांसाठी, काकांसाठी, मोठ्या भावासाठीही एखादा बॅगेत येतो. निवड बहुतेक वेळा दिसण्यावरून झालेली असते, आणि दिसायला सगळ्यात रुबाबदार असलेला रेझर बऱ्याचदा सगळ्यात जहाल, म्हणजे जरा दाबला तरी कापणारा, निघतो. दापोलीला किंवा वेंगुर्ल्याला त्याची पहिली दाढी होते, मानेवर रक्ताचे टिपके उठतात आणि रेझर कपाटात जाऊन पडतो. त्यात रेझरचा दोष नसतो. त्याला लागणारा हात वेगळा असतो, आणि तो शिकता येतो.

रेझर जहाल कशाने होतो हे आधी समजून घ्यावं. किंग कॅम्प जिलेटला अमेरिकेत 1904 साली पेटंट मिळालं, तेव्हापासून ह्या रेझरची मूळ कल्पना तीच आहे: वर टोपी, खाली ताटली आणि दोन्हींच्या मध्ये वाकवून दाबून धरलेलं पातळ ब्लेड. ब्लेडची जाडी 0.1 मिलिमीटर आणि रुंदी 22 मिलिमीटर. ब्लेड जगभर एकाच मापाचं असतं, त्यामुळे रेझरचा स्वभाव टोपी आणि ताटलीच्या घडणीवर ठरतो. ब्लेडची धार आणि ताटलीची कड यांच्यात किती फट आहे, ही पहिली गोष्ट. फट जेवढी मोठी, तेवढी कातडी आत फुगून येते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे: टोपीची कड आणि ताटलीची कड जोडणारी रेघ मनात आखा आणि धार त्या रेघेच्या किती बाहेर डोकावते ते बघा. मवाळ रेझरमध्ये धार रेघेवर किंवा आत असते, म्हणून थोडा दाब पडला तरी तो टोपी आणि ताटली झेलतात. जहाल रेझरमध्ये धार बाहेर असते आणि दाब सरळ कातडीवर उतरतो.

सलूनमध्ये उस्तऱ्यात अर्धं मोडलेलं ब्लेड बसवून दाढी होते ती सगळ्यांनी पाहिलेली आहे. तिथे तर राखणीला काहीच नसतं, तरीही कापत नाही, कारण कोन आणि दाब कारागिराच्या मनगटात असतो. जहाल सेफ्टी रेझर हा मवाळ रेझर आणि उस्तरा यांच्या मधला मुक्काम आहे.

जर्मन रेझरमध्ये जहाल म्हणून सगळ्यात जास्त नाव घेतलं जातं ते म्यूलेच्या आर 41 चं. ही कंपनी झाक्सन राज्यातल्या श्ट्युट्सेनग्र्युन गावची, 1945 साली सुरू झालेली. आर 41 ची ताटली फणीसारखी दातेरी आहे. त्याच कंपनीचा आर 89 सलग पट्टीचा आणि मवाळ आहे. दोन्हींची डोकी एकाच मुठीवर बसतात. झोलिंगन शहरातल्या मेर्कूर कंपनीचा 34 सी मध्यम, आणि त्यांचे प्रोग्रेस व फ्युटूर हे रेझर फिरवून फट कमी-जास्त करता येणारे. झोलिंगन हे नाव पात्यांवर कोणी घालावं याला 1938 पासून कायद्याचं बंधन आहे, त्यामुळे त्या नावाला इकडे मान आहे. मात्र दातेरी दिसला म्हणजे जहाल असं समजू नये. दात्यांमुळे साबणाचा फेस आणि लांब केस धारेपर्यंत नीट पोचतात, एवढंच. जहालपणा फट आणि धार यांतच असतो.

आमचं स्पष्ट मत असं की आयुष्यात पहिलाच सेफ्टी रेझर घेणाऱ्याला जहाल देऊ नये. आधी महिनाभर आर 89 सारखा मवाळ किंवा फट बदलता येणारा वापरावा. जहाल रेझर शोभतो तो राठ, दाट दाढीला, आणि दोन-तीन दिवसांनी दाढी करणाऱ्याला. रोज दाढी करणाऱ्या, विरळ केसांच्या माणसाला त्याचा फायदा काहीच नाही, त्रास मात्र आहे. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील किंवा मधुमेहामुळे जखमा लवकर भरत नसतील, तर ह्या वाटेला जाऊच नये. बाबांसाठी रेझर नेताना ही चौकशी आधी फोनवर करून घ्या.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी धातूकडेही बघायला हवं. इकडचे पुष्कळ रेझर, चांगल्या नावाचेसुद्धा, जस्ताच्या मिश्रधातूचे ओतलेले असतात आणि वर क्रोमचा मुलामा असतो. जर्मनीच्या कोरड्या न्हाणीघरात ते वर्षानुवर्षं टिकतात. खाडीकाठच्या किंवा समुद्राला लागून असलेल्या घरात हवेतच मीठ असतं, आणि पावसाळ्याचे चार महिने काहीही वाळत नाही. रेझर एकदा फरशीवर पडून मुलाम्याला टवका गेला की ओल आणि मीठ आत शिरतात, जस्त पोखरतं, मुलामा फुगून पापुद्र्यासारखा सुटतो. आधी आटे खराब होतात आणि मूठ फिरेनाशी होते. पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचा रेझर महाग पडतो, पण कोकणात तोच टिकतो. स्टीलमध्ये 316 एल हा प्रकार घ्यावा. त्यात मॉलिब्डेनम असतं, म्हणून तो खाऱ्या हवेला जास्त दाद देत नाही.

आता पाणी. बर्लिन किंवा म्युनिकचं नळाचं पाणी जड आहे. इकडे पाण्याचा जडपणा जर्मन अंशांत मोजतात आणि 14 अंशांवरचं पाणी जड धरतात. जड पाण्यातला चुना साबणाशी मिळून साका तयार होतो, फेस दमतो, म्हणून इकडे साबण जास्त घ्यावा लागतो. जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणी बहुधा मऊ असतं. त्याला निम्म्या साबणात भरघोस फेस येतो, पण तो धुवायला वेळ लागतो आणि चेहरा बुळबुळीत राहतो. तेव्हा क्रीम सोललेल्या बदामाएवढंच घ्या. खाडीलगतच्या विहिरीचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं. त्यात फेस उभाच राहत नाही, फुटतो. अशा वेळी फेसापुरतं तांब्याभर गोडं पाणी बाजूला काढून ठेवावं.

दाढी आंघोळीनंतर करा. केस दोन-तीन मिनिटं कोमट पाण्यात भिजला की फुगतो, नरम होतो आणि कापायला लागणारा जोर बराच कमी होतो. मवाळ रेझरमध्ये ही पायरी गाळली तरी चालून जातं. जहाल रेझरमध्ये मात्र न भिजलेल्या राठ केसावर ब्लेडची बाहेर आलेली कड थरथरते, आणि ती थरथर कातडीवर बारीक चिरा पाडते. आधी खोबरेल लावायची सवय असेल तर ती सोडा. तेलाने फेस बसतो आणि ब्लेडच्या फटीत राप साचतो. ब्रश थेंब-थेंब पाणी घेत मिनिटभर गोल फिरवा. फेस चमकदार, दह्यासारखा घट्ट दिसला आणि त्यात मोठे बुडबुडे नसले की झालं. पांढराशुभ्र, फुललेला, कोरडा फेस दिसायला छान, पण त्यावर रेझर घसरत नाही, अडतो. पावसाळ्यासाठी सिंथेटिक केसांचा ब्रश बरा. तो झटकला की वाळतो, प्राण्यांच्या केसांच्या ब्रशला बुरशी धरते.

ब्लेड नवीन घ्या, पण ओळखीचं. पहिल्याच दिवशी जपानी फेदरसारखं अतितीक्ष्ण ब्लेड जहाल रेझरमध्ये घालू नका. रेझर नवीन आणि ब्लेडही नवीन जातीचं, असं झालं की काय बिघडलं ते कळत नाही. बोथट ब्लेड तर त्याहून वाईट, कारण ते ओढतं आणि मग हात आपोआप दाब देतो. तीन ते चार दाढ्यांनंतर ब्लेड बदला. मिळतं काही रुपयांत, त्यात काटकसर नको.

ब्लेड बसवताना टोपी उलटी धरा, तिच्या खुंट्यांवर ब्लेड ठेवा, वर ताटली ठेवा. आता दोन आखूड बाजूंनी चिमटीत दाबून धरून मूठ फिरवा. धारेच्या बाजूला बोट नेऊ नका. मग रेझर उजेडात धरून डोक्याकडून सरळ बघा: दोन्ही बाजूंना धार सारखीच बाहेर दिसली पाहिजे. केसभर फरक असला तरी एक बाजू मवाळ आणि दुसरी दुप्पट जहाल होते, आणि एकाच गालावर का कापलं याचा उलगडा होत नाही. फरक दिसला तर मूठ अर्धा फेरा सैल करा, टोपी सपाट दाबा आणि पुन्हा आवळा. काही रेझरमध्ये ब्लेडची आखूड टोकं बाहेर राहतात. कानाच्या पाळीजवळ ती सांभाळा.

कोन असा शोधावा. मूठ गालाला काटकोनात धरा, फक्त टोपी टेकलेली. ह्या स्थितीत काही कापलं जात नाही. आता टोपी न उचलता मूठ हळूहळू खाली आणत रेझर किंचित पुढे सरकवत राहा. केस कापल्याचा खरखर आवाज सुरू झाला की तिथेच थांबा. तोच कोन. मूठ त्याहून खाली आणली की धार कातडी खरवडू लागते. जहाल रेझरचा आवाज मोठा असतो. तो ऐकत दाढी करा, पंखा आणि रेडिओ बंद ठेवा. आवाज थांबला म्हणजे कोन सुटला, किंवा तिथे केस उरले नाहीत.

दाब शून्य हवा. रेझरचं स्वतःचं वजन साधारण 65 ते 100 ग्रॅम असतं, तेवढं पुरतं. मूठ बोटांच्या टोकांनी, तळाकडे धरा. डोक्याजवळ मुठीत धरली की मनगटाचा जोर उतरतो. हात दोन-तीन सेंटिमीटरचाच मारा, दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरा, आणि फेस निघून गेलेल्या जागेवरून पुन्हा रेझर फिरवू नका. पाच पात्यांच्या रेझरने लागलेली सगळ्यात वाईट सवय हीच: एकाच जागी पुन्हा पुन्हा ओढणं. जहाल रेझर पहिल्या हातात जेवढं काढतो तेवढं मवाळ रेझर दोन हातांत काढतो, हाच त्याचा उपयोग. हात कमी झाले तर कातडीला आराम मिळतो. तेवढेच हात मारायचे असतील, तर मवाळ रेझर बरा.

पहिल्या दिवशी पूर्ण चेहऱ्यावर एक सुलटा हात, म्हणजे केस वाढतात त्याच दिशेने, फेस पुन्हा लावून फक्त गालांवर एक आडवा हात, आणि थांबा. उलटा हात पहिले काही आठवडे नाहीच, आणि मानेवर तर विसराच. मानेवरचे केस कोणत्या दिशेला वाढतात ते आदल्या दिवशी बोट फिरवून बघा. बऱ्याच जणांचे खालून वर किंवा आडवे वाढतात, आणि आपण सवयीने वरून खाली मारतो तो उलटा हात ठरतो. मानेवरच टिपके का उठतात, याचं उत्तर निम्म्या वेळा हेच असतं. गळ्याच्या घाटीवर रेझर फिरवण्याआधी आवंढा गिळून कातडी बाजूला सरकवा आणि सपाट जागेवर हात मारा. वरच्या ओठावर मधल्या खळीत टोपी जास्त टेकवून, एकेक सेंटिमीटर. हनुवटीच्या वळणावर थांबून कोन पुन्हा शोधा. तिथे मूठ न फिरवता पुढे गेलं की हमखास कापतं.

झाल्यावर गार पाणी आणि तुरटी. तुरटीचा खडा ओला करून सगळीकडे फिरवा, अर्धा मिनिट ठेवा, धुऊन टाका. रक्ताचा टिपका असेल तिथे खडा दाबून धरा. तुरटी कुठे झोंबते ते नीट लक्षात ठेवा, कारण जिथे झोंबते तिथे दाब जास्त पडला किंवा कोन चुकला. पुढच्या वेळी तेवढीच जागा सुधारायची. कातडी कोरडी पडत असेल तर कोकमाच्या तेलाचा नखाएवढा तुकडा तळहातावर चोळून लावा. जास्त लावलं तर घामात चिकचिक होते. उन्हात किंवा समुद्रावर काम असणाऱ्यांनी दाढी रात्रीच करावी. ताज्या दाढीवर घाम आणि खारं पाणी दोन्ही आग करतात. आणि पुढची दाढी किमान दोन दिवसांनी, लाली पूर्ण गेल्यावर.

रेझर उघडून धुवा, झटका, भाग सुटे वाळवा. ब्लेड फडक्याने पुसू नका. धार जाते आणि बोटही. पावसाळ्यात रेझर न्हाणीघरात न ठेवता खोलीत ठेवावा.

आणताना रेझर आणि ब्लेडं दोन्ही चेक-इन बॅगेत घाला. केबिनच्या सामानात ब्लेड चालत नाही, ती विमानतळावरच काढून घेतली जातात. वापरलेल्या ब्लेडसाठी दूध पावडरच्या जुन्या डब्याच्या झाकणाला चीर पाडून घ्या, भरला की चिकटपट्टीने बंद करून भंगारवाल्याला सांगून द्या. परड्यात किंवा उकिरड्यावर ब्लेड टाकू नका. तिथला पातेरा हाताने गोळा होतो, आणि गुरंही तिथेच तोंड घालतात.