आमची वाटचाल : वॉर्म टोन आणि आमची डार्करूम

नागपूरच्या सीताबर्डीतील आमच्या डार्करूममध्ये, म्हणजे फोटो धुण्याच्या अंधाऱ्या खोलीत, आजही क्लोरोब्रोमाइड (चांदीच्या क्षारांचा थर असलेल्या) कागदावर वॉर्म टोनचे, म्हणजे उबदार तपकिरी छटेचे, कृष्णधवल प्रिंट हाताने केले जातात. ही तपकिरी छटा वरून चढवलेला रंग नसून चांदीच्या बारीक कणांचा स्वतःचा रंग आहे. ते कण बारीक राहावेत म्हणून योग्य कागद, पातळ केलेला डेव्हलपर (चित्र उमटवणारे द्रावण), त्यात बेताचे ब्रोमाइड (उमटण्याचा वेग आवरणारे रसायन) आणि किंचित वाढवलेले एक्स्पोजर (कागदावर पाडलेला प्रकाश) हे सारे जुळवून आणावे लागते. आमच्यावर आलेले संकट नेमके याच भेदातून उद्भवले, म्हणून तो आधी सांगितला.

२००५ साली कोडॅकने कृष्णधवल कागदाचे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले आणि त्याच वर्षी फोटोचे साहित्य बनवणारी आग्फाफोटो दिवाळखोरीत गेली. कागदाची ही ओढाताण सुरू असतानाच माझे भागीदार, ज्यांना मी स्वतः डॉजिंग आणि बर्निंग (प्रिंटचे ठरावीक भाग उजळ किंवा गडद करणे) शिकवले होते, ते ग्राहकांची वही घेऊन वेगळे झाले. दोन गल्ल्या पलीकडे मशीन बसवून त्यांनी रंगीत कागदावर तपकिरी झाक मारलेल्या प्रती ‘डार्करूम वॉर्म टोन’ म्हणून आमच्या निम्म्या दरात विकल्या. ज्या स्टुडिओंची कामे मी वर्षानुवर्षे केली, ते त्यांची प्रत माझ्यासमोर ठेवून दर पाडून मागू लागले, आणि ते शल्य आजही माझ्या मनात आहे. भाडे थकले, एक एनलार्जर (निगेटिव्हची प्रतिमा मोठी करून कागदावर पाडणारे यंत्र) विकावा लागला. मात्र कंडेन्सरचा (प्रकाश एकवटणाऱ्या भिंगांचा) जुना एनलार्जर आणि त्याची लेन्स मी कोणत्याही किमतीला दिली नाही.

त्या काळात नागपूरच्या महाल भागातील एक निवृत्त मुख्याध्यापक आमच्या पाठीशी उभे राहिले. वडिलांच्या काळातील काचेच्या निगेटिव्हचे त्यांनी आमच्याकडून आणि त्या मशीनवाल्यांकडून असे दोन्हीकडून प्रिंट करून घेतले आणि दोन्ही प्रिंट घरातील उजेडाच्या भिंतीवर लावले. मशीनची प्रत फिकी पडून लालसर झाली, तेव्हा ते दोन्ही फ्रेम घेऊन दुकानात आले आणि म्हणाले, “उरलेल्या सगळ्या काचा तुम्हीच करा, घाई करू नका.” पुढे त्यांच्या ओळखीतल्या घरांतून येणाऱ्या कामांवरच दुकान तरले.

नागपूरच्या उन्हाळ्यात हे काम करणाऱ्यांना चार गोष्टी सांगणे मला आवश्यक वाटते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना गच्चीवरील टाकीचे पाणी थेट ट्रेमध्ये घेऊ नये, कारण त्याने इमल्शन (कागदावरचा चित्राचा थर) फुगते आणि कडेने सुटते. डेव्हलपर २० अंशांच्या आसपास ठेवण्यासाठी बर्फ बाहेरच्या मोठ्या ट्रेमध्ये घालावा. डेव्हलपरमध्ये तो कधीही टाकू नये, द्रावण पातळ होते. तुरटीचा हार्डनर (थर कडक करणारे रसायन) घातल्यास फायबर कागदातील (प्लॅस्टिकचा लेप नसलेल्या कागदातील) हायपो (चित्र पक्के करणारे रसायन) निघण्यास अधिक वेळ लागतो आणि सेलेनियमही (प्रिंट टिकाऊ करणारे टोनिंगचे रसायन) नीट चढत नाही, म्हणून पाणी गार ठेवून हार्डनर टाळणे उत्तम. टेस्ट स्ट्रिप (एक्स्पोजर अजमावण्याची कागदाची पट्टी) ओली असताना एक्स्पोजर ठरवू नये, कारण फायबर कागद वाळल्यावर गडद होतो. ती आधी पूर्ण वाळवावी. सल्फाइड टोनिंग (प्रिंटमधील चांदीवर सल्फाइडची प्रक्रिया करून छटा बदलणे) तर डार्करूममध्ये कधीच करू नये. त्याच्या वायूने ठेवणीतला कागद फॉग होतो, म्हणजे न वापरताच काळवंडतो. ते काम आम्ही मागच्या अंगणात करतो.

मधली वर्षे नेमाने काम करण्यात गेली. आता इल्फर्ड कंपनीचा वॉर्मटोन फायबर कागद आगाऊ मागवावा लागतो आणि तो महाग पडतो, त्यामुळे दर विचारताना मशीनच्या प्रतीशी तुलना करू नये, अशी ग्राहकांना माझी विनंती असते. उन्हाळ्यातील मोठ्या आकाराच्या प्रिंटची कामे आम्ही पहाटे, पाणी गार असताना करतो. त्यासाठी निगेटिव्ह आदल्या संध्याकाळपर्यंत दुकानात पोहोचवावी.