डिसेंबरचा दुसरा रविवार

आमच्या वर्गाचं ठरलेलं असायचं : डिसेंबरचा दुसरा रविवार, दुपारी साडेबारा, पणजीचं हॉटेल मांडवी. पत्रिका नाही की फोन नाही. ज्याला जमेल त्याने यायचं आणि आल्याबरोबर वर्गणी खजिनदाराच्या हातात ठेवायची. खजिनदार शाळेत गणितात नापास होणारा. पैसे खाण्याइतका हिशेब त्याला येत नाही म्हणूनच त्याला नेमलं, असं तो स्वतःच सांगायचा.

पहिलं गेट-टुगेदर १९८३चं. आम्ही चौदा जण आणि आमच्या गणिताच्या बाई. शाळेत असताना या हॉटेलवरून रोज जायचो, पण आमची धाव त्याच्या कडेच्या ‘आ पास्तेलारिया’ बेकरीपर्यंत. तीही काचेपर्यंतच. आत ताटलीत रचलेले पॅटिस, वरचा पापुद्रा सोनेरी, आणि बाहेर काचेवर उमटलेले आमच्या नाकांचे ठसे. त्यामुळे त्या दिवशी खिशात पगार असूनसुद्धा सगळे पायरीशी थबकले. आधी कोण जाणार? शेवटी बाई पुढे झाल्या. ‘‘अरे, पैसे देऊनच जेवायचंय ना? मग चला की!’’

वर ‘रिओ रिको’ रेस्टॉरंटात टेबलं जोडून बसलो. नदी दिसणाऱ्या खुर्च्यांसाठी ढकलाढकली झालीच. डिसेंबरात मार्गशीर्ष येतो, त्यामुळे निम्मे शिवराक, म्हणजे शाकाहारी, आणि निम्मे हुमणावर, म्हणजे माशांच्या कालवणावर, टपलेले. दर वर्षी शिवराकांपैकी दोघे-तिघे शेजारच्या ताटातली तळलेली सुंगटां (कोळंबी) पाहून पंचांगाची पुन्हा चौकशी करायचे.

या हॉटेलची गोष्ट बाईंनी त्याच दिवशी सांगितली. ‘‘हे आपल्यासाठी बांधलेलंच नव्हतं रे. पाहुण्यांसाठी बांधलं, सायबाच्या फेस्ताला.’’ सायब म्हणजे गोंयचो सायब, संत फ्रान्सिस झेवियर. १५५२मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर त्यांचं निधन झालं. त्याला ४०० वर्षं झाली म्हणून १९५२च्या डिसेंबरात जुन्या गोव्यात त्यांच्या शवाचं मोठं दर्शन ठेवलं होतं. देशोदेशीचे बिशप, अधिकारी, भाविक येणार, त्यांना उतरवायचं कुठे? पणजी तेव्हा केवढीशी! त्या निमित्ताने नदीच्या काठावर हे हॉटेल उभं राहिलं. पुढे दोन-तीन वर्षांतच भारताने नाकेबंदी केली, हद्दी बंद झाल्या, रेल्वे थांबली. मग १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला. म्हणजे पोर्तुगिजांच्या पाहुण्यांसाठी थाटलेल्या या घराला त्यांचा सहवास जेमतेम नऊ वर्षं. उरलेला काळ आमच्यासारख्यांचा, असं आपलं माझं मत.

बाईंचं माहेर पलीकडे, बेतीला. १९५२ साली त्या दहा वर्षांच्या. तेव्हा पूल नव्हता, नदी ओलांडायची ती होडीने नाही तर गॅसोलीनने. मोटरच्या लाँचला जुनी माणसं गॅसोलीनच म्हणत. घरी रॉकेलचा दिवा. एका संध्याकाळी पलीकडच्या काठावर ओळीने खिडक्या उजळल्या आणि त्यांची आई म्हणाली, ‘‘पणजीला केवढी आगबोट लागलीय गो!’’

सायबाचं हे दर्शन साधारण दर दहा वर्षांनी होतं. १९८४ला पुन्हा ते आलं, पणजीत पाऊल ठेवायला जागा नव्हती, म्हणून त्या वर्षी आम्ही खजिनदाराच्या अंगणात जेवलो. जेवण उत्तम होतं, पण मजा आली नाही. घरच्या अंगणात कोणी बुजत नाही, आणि बुजल्याशिवाय आमच्या वर्गाला हसू फुटत नाही.

पण मला विचाराल तर सगळ्यांत चांगलं वर्ष १९८६चं. त्या ५ जुलैला मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला होता. आम्ही नदीपलीकडचे, बार्देशातले पाच जण पुन्हा फेरीबोटीवर आलो. मी पर्वरीचा, बाई तेव्हा बेतीलाच राहत होत्या. जेवण साडेतीनला आटपलं, गप्पा पाचपर्यंत चालल्या. घरच्यांसाठी म्हणून प्रत्येकाने खालून पॅटिसचा एकेक खोका घेतला. धक्का जवळच, पण तिथे रांग ही एवढी! स्कूटरी, टोपल्या घेतलेल्या मासळीवाल्या, कोणाची तरी वरात. दोन फेरीबोटी आमच्या डोळ्यांदेखत भरून गेल्या. पहिला खोका बाईंनीच उघडला. ‘‘एकेकच हं,’’ म्हणाल्या. तिसरी बोट लागेपर्यंत पाचही खोके रिकामे झाले होते आणि शिवराकांनी आतलं सारण कसलं हे मुद्दाम विचारलं नव्हतं.

बोट सुटली तेव्हा अंधार पडला होता. वरच्या अंगाला तुटलेल्या पुलाचे खांब पाण्यात नुसतेच उभे होते. बाई कठड्याला धरून मागे पणजीकडे तोंड करून होत्या. हॉटेलच्या खिडक्या एकेक करून लागत गेल्या. नदीतही लागल्या, तिथे जरा हलत होत्या.

‘‘आई चुकली नव्हती,’’ बाई म्हणाल्या आणि पदराने बोटांचं तूप पुसलं.