तीन जोड्या आणि वाणसामानाची यादी

गेल्या शनिवारी आमच्या इंग्लंडमधल्या रेडिंगच्या घरात दिवाणखान्यात सहा स्पीकर मांडले होते. सोफा भिंतीला उभा करून ठेवला होता. सहाही एकाच नावाचे, एलएस 3/5ए, आणि सहाही जेमतेम फूटभर उंचीचे. बायकोने दारातून पाहिलं आणि विचारलं, "यातला वेगळा कुठला?" तेच शोधायचं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा स्पीकर बीबीसीच्या इंजिनिअरांनी सत्तरच्या दशकात बनवला तो घरासाठी नव्हे, बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी. गाडीत जागा नाही आणि हेडफोनवर भरवसा ठेवता येत नाही, तिथे निवेदकाचा आवाज खरा आहे की नाही हे कळायला हवं. पाच लिटरच्या आसपासचं बंद खोकं, केईएफ या कंपनीचा बी-110 वूफर खालच्या स्वरांसाठी, टी-27 ट्वीटर वरच्या स्वरांसाठी. बीबीसीने परवाने दिले आणि रॉजर्स, चार्टवेल, स्पेंडॉर, हारबेथ, गुडमन्स अशा बऱ्याच जणांनी एकाच आराखड्यावर ते बनवले. म्हणून तर कोणाचा चांगला याचे वाद संपत नाहीत.

माझी जोडी रॉजर्सची, 15 ओहमवाली (ओहम म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो त्याचं माप). घेताना विकणारा म्हणाला होता, "पहिल्यापासून एकाच घरात आहे." घरी आणून उलटी केली तर मागच्या दोन अनुक्रमांकांचा एकमेकांशी काही संबंध नाही, म्हणजे जोडी मुळातली नाहीच! शिवाय उजवा स्पीकर जरा किरकिरा. मागची फळी स्क्रू काढून उघडली. आत क्रॉसओव्हर असतो, आवाज वूफर आणि ट्वीटरमध्ये वाटून देणारा. या जुन्या क्रॉसओव्हरमध्ये ट्वीटरचा जोर ठरवायला ट्रान्सफॉर्मरवर वेगवेगळे टॅप, म्हणजे तार जोडायच्या जागा, असतात. प्रत्येक ट्वीटर मोजून त्याला जुळेल त्या टॅपला कारखान्यातच तार जोडलेली असते. माझ्या उजव्याची तार मधल्या काळात कोणीतरी हलवली होती, डाग दिल्याच्या खुणा ताज्या होत्या. एक संध्याकाळ कान लावून, डागणी तापवून, ती एक टॅप खाली आणली. किरकिर गेली. क्रमांक अजून जुळत नाहीत ते नाहीतच.

दुसरी जोडी लेस्टरच्या मित्राची, स्पेंडॉर, 11 ओहम. 1980 च्या दशकाच्या अखेरीस मूळ आराखड्यातलाच वूफर बदलला, त्याबरोबर क्रॉसओव्हरही नवा आला आणि 15 चे 11 झाले. तिसरी ऑफिसातल्या एकाची, फाल्कनची. केईएफने हे वूफर-ट्वीटर बनवणं बंद केल्यावर फाल्कनने जुन्या आराखड्यावरून ते पुन्हा घडवले. फाल्कन काढणारे माल्कम जोन्स यांनीच केईएफमध्ये असताना मूळ बी-110 आणि टी-27 बनवले होते, त्यामुळे याला नक्कल म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तंबोरा, तबला, सगळं लावून पाहिलं. डग्ग्याचा खर्ज तिन्हींत मुळातच नाही. 70-80 हर्ट्‌झच्या खाली हा स्पीकर हात जोडतो. वरचा बास किंचित फुगवलेला असल्यामुळे डग्गा आहेसा वाटतो, एवढंच. पण बीबीसीवाले स्पीकर पारखताना खऱ्या माणसाचा आवाज शेजारी ठेवत. मग मीही बायकोला वाणसामानाची यादी वाचायला लावली आणि फोनवर रेकॉर्ड केली: तूरडाळ, साबुदाणा, शेंगदाणे, चहा, चाळणी. मग पडद्याआड एकदा ती स्वतः, एकदा स्पीकर.

पहिल्या फेरीत 11 ओहम सहज जिंकला. नंतर लक्षात आलं, आवाजाचं बटण तेवढंच असताना तो थोडा मोठा वाजतो, आणि मोठं ते कानाला गोड. पातळी मोजून सारखी केली तेव्हा फरक दिसायला लागला. 15 ओहमवर ती अर्धी पायरी पुढे येऊन बोलते, थोडं नाकातून. 11 वर आवाज सपाट, नीटनेटका, आणि चहातला च आणि चाळणीतला च सगळ्यांत स्वच्छ वेगळे. फाल्कन 15 च्याच घराण्याचा, पण कडा जास्त कोरीव. माझ्या जोडीची चाळीसेक वर्षं या फरकात ऐकू येतात. तिला विचारलं तर म्हणाली, "माझा आवाज असा नाहीच मुळी." तिन्हींबद्दल.

आणि मग गंमत. माझी जोडी स्टँडवरून उचलून भिंतीलगतच्या पुस्तकांच्या फळीवर ठेवली, तर ती घशात सर्दी भरल्यासारखी बोलायला लागली. तिन्ही जोड्यांतल्या फरकापेक्षा हा फरक कितीतरी मोठा. इतकी वर्षं ओहमवरून भांडणारे आम्ही, स्पीकर भिंतीपासून किती लांब ठेवलाय हे कोणी कोणाला विचारत नाही.

जेवताना तिला सांगितलं, की स्पेंडॉर हे नाव स्पेन्सर ह्यूज आणि त्यांची बायको डोरोथी यांचं मिळून झालंय, आणि हारबेथ म्हणजे हारवुड आणि एलिझाबेथ. दोघेही नवरे बीबीसीतले इंजिनिअर.

"त्या बायकांनाही याद्या वाचायला लावल्या असणार," ती म्हणाली, आणि तीच यादी माझ्या हातात ठेवली. साबुदाणा खरंच संपला होता.