पदवीधरांची वाकलेली रेघ

मे महिन्यातली नागपूरची दुपार. ऑफिसात कूलर घरघरत होता आणि पडद्यावर भारत-चीन तुलनेचा आलेख उघडलेला होता. २०६० सालापर्यंत दोन्ही देशांत किती लोक किती शिकलेले असतील, हे त्यात मांडायचं होतं. चीनची पदवीधरांची रेघ सरळ वर चढत होती. भारताची मात्र २०-२४ या वयोगटाशी येऊन खाली वाकली होती. सोबत काम करणारी सहकारी म्हणाली, "सर, हे जमून नाही राहिलं. कॉलेजं वाढली, अन् पदवीधर कमी कसे झाले?"

प्रश्न अगदी वर्मावर होता. अशा प्रक्षेपणाची, म्हणजे पुढच्या लोकसंख्येच्या अंदाजाची, रीत ऑस्ट्रियातल्या आयआयएएसए या संशोधन संस्थेत वोल्फगांग लुट्झ, समीर केसी वगैरे लोकसंख्या-अभ्यासकांनी रुळवली. लोकसंख्या पाच-पाच वर्षांच्या वयोगटांत, स्त्री-पुरुषांत आणि शिक्षणाच्या पायऱ्यांत वाटायची. दर पाच वर्षांनी प्रत्येक गट एक घर पुढे सरकवायचा आणि त्यातून मृत्यू वजा करायचे. शिकलेल्यांत मृत्यूचं प्रमाण कमी असतं, म्हणून ते पायरीनुसार वेगळं धरायचं. स्थलांतराचा हिशेबही इथेच होतो. साधारण पस्तिशीनंतर माणसाची पायरी बदलत नाही असं मानतात. म्हणजे पुढचा सगळा कल ठरतो तो तरुण गटांवरून. तिथे बोटभर चुकलं की २०६० ला हातभर चुकतं.

आकडेमोड दोनदा तपासली, ती बरोबर होती. खोट निघाली व्याख्येत. आपली जनगणना पूर्ण केलेली सर्वांत वरची पायरी लिहिते. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी आपल्या तक्त्यात बारावी पास. चीनच्या जनगणनेच्या जाहीर आकड्यांत मात्र त्या त्या पायरीवर सध्या शिकणारे आणि मध्येच सोडलेलेही धरलेले असतात. तिथे लाखामागे विद्यापीठीय शिक्षणाचे २०१० ला ८,९३० होते, ते २०२० ला १५,४६७ झाले. हा आकडा सगळे उचलतात, पण त्यात अजून वर्गात बसलेलेही आहेत, हे तळटीप वाचल्याशिवाय कळत नाही.

समजा, एकवीस वर्षांची १०० मुलं आहेत. १० जणांची पदवी झाली, ३० जण कॉलेजात आहेत. चिनी रीतीने ४० मोजले जातील, आपल्या रीतीने १०. मुलं तीच! आम्ही हे दोन आकडे एकाच आलेखात शेजारी ठेवून त्यावरून चाळीस वर्षांचा कल ओढला होता.

मग सगळं उलगडून पुन्हा बसवलं. कल काढताना दोन्ही देशांचे २५-२९ आणि त्यापुढचेच गट घेतले, कारण तोवर बहुतेकांचं कॉलेज आटोपलेलं असतं. २०-२४ साठी आपल्याकडचा शिक्षणसंस्थेत जाणाऱ्यांचा वेगळा तक्ता जोडला. चीनमधले मध्येच सोडलेले याने वेगळे होत नाहीत. तेवढी सूज राहते, आणि ती आलेखाखाली लिहावीच लागते.

पदविकेने संध्याकाळ खाल्ली. चीनमधली तीन वर्षांची पदविका बहुतांशी बारावीनंतरची, म्हणून ती सरळ उच्च शिक्षणात जाते. आपल्याकडे पॉलिटेक्निकला दहावीनंतरही प्रवेश मिळतो, आणि जनगणनेच्या रकान्यावरून तो कुठल्या वाटेने मिळाला हे कळत नाही. एकदा वर धरून, एकदा खाली धरून, दोन्ही हिशेब दिले. औपचारिक पायरी नसलेले साक्षर हाही एक रकाना आहे. तो गाळला की बेरीज जुळत नाही.

सरासरी शालेय वर्षांचंही तसंच. चीनने २०२० ला पंधरा वर्षांवरच्यांची सरासरी ९.९१ दिली, आधी ती ९.०८ होती. पण तिथे प्राथमिक बहुतेक ठिकाणी सहा वर्षांचं, आपलं पाच. एकाच पायरीवर एका वर्षाचा फरक मुळातच असतो. इथली जुनी माणसं तर अकरावीची मॅट्रिक. तीही दहावीच्याच रकान्यात.

रात्री नव्याने काढलेल्या आलेखात वाकलेली रेघ सरळ झाली. दोन देशांतलं अंतर कमी झालं, मिटलं नाही. उरलेलं मोठं अंतर वयस्कांत आहे, आणि त्यातही बायकांत. २०११ ला २५-२९ च्या गटात निरक्षर म्हणून नोंदलेली बाई २०५१ च्या तक्त्यात ६५-६९ च्या रांगेत त्याच रकान्यात येते. आज पोरींसाठी कितीही शाळा काढल्या तरी तो रकाना हलत नाही. सहकारीने त्या ओळीला पिवळा रंग दिला आणि फाइल तशीच पाठवली.