मागच्या काचेतली पट्टी: स्टिंग रे, १९६३ ते १९६७

मागच्या महिन्यात एक स्केल मॉडेल मागवलं, शेवरोले कॉर्व्हेट स्टिंग रे या अमेरिकन स्पोर्ट्स कारचं, कूपे म्हणजे पक्क्या छपराची दोन दारांची, १:१८ साइज, खोक्यावर मोठ्ठ्या अक्षरात १९६३. गाडी बाहेर काढली, हातात धरून फिरवली आणि पुढच्या चाकाच्या मागे बघतो तर तीन उभ्या फटी. मूडच गेला. ६३ ला तिथे दोन लांबट आडव्या खाचा असतात, त्या उभ्या तीन फटी आल्या १९६५ ला. म्हणजे माझी गाडी मागून बघितली तर, काचेतल्या पट्टीमुळे, ६३ आणि बाजूने बघितली तर ६५. घरातले म्हणाले, एवढंच ना, काय फरक पडतो? खूप फरक पडतो, म्हणून तर लिहायला बसलोय.

ही दुसऱ्या पिढीची कॉर्व्हेट पाचच वर्षं बनली, १९६३ ते १९६७. लांबून पाचही वर्षांच्या गाड्या सारख्याच दिसतात, तेच लांब नाक, तीच फायबरग्लासची बॉडी, तेच हेडलाइट जे बंद केले की फिरून नाकात लपतात आणि पुढून गाडीला डोळेच नाहीत असं वाटतं. पण दरवर्षी कोणीतरी तिच्यावरून हात फिरवलाय आणि बहुतेक वेळा काहीतरी काढून टाकलंय. नवीन मॉडेल म्हणजे आणखी चार क्रोमच्या पट्ट्या, असा तो अमेरिकेतला काळ, आणि त्यात ही गाडी वर्षागणिक साधी होत गेली, मला तिचं सगळ्यात जास्त कौतुक आहे ते याचंच.

सगळ्यात गाजलेला बदल अर्थात मागच्या काचेचा. ६३ च्या कूपेला छपरावरून मागे उतरणारा एक कणा आहे, पाठीचा कणा म्हणतो ना तसाच, आणि तो मागची काच मधोमध चिरून थेट शेपटीपर्यंत जातो. त्यामुळे काचा दोन. शेवरोलेची मूळ कंपनी जनरल मोटर्स, तिचे डिझाइन प्रमुख बिल मिचेल या कण्यासाठी हटून बसले होते, तो तुटला तर गाडीचा सगळा आकारच तुटतो असं त्यांचं मत. झोरा आर्कस-डंटोव्ह हे कॉर्व्हेटचे इंजिनीअर, रेसिंगमधला माणूस, त्यांचं म्हणणं सरळ होतं की ड्रायव्हरला मागचं दिसलं पाहिजे, आणि आरशात बघावं तर बरोब्बर मध्ये ती पट्टी. ६३ ला मिचेल जिंकले, ६४ ला अख्खी एक काच आली. त्यामुळे पट्टीवाल्या कूपे बनल्या फक्त १०,५९४.

आता मला वाईट वाटतं ते याचं की तेव्हा काही मालकांनी ६३ मधली पट्टी कापून टाकली आणि ६४ ची काच बसवून घेतली, का तर गाडी नवीन मॉडेलची दिसावी. आणि आज लोक त्याच पट्टीसाठी जीव टाकतात! मी स्वतः दोन्ही बाजूंनी विचार करून बघितलाय, चालवायची तर ६४ च बरी, डंटोव्हचं बरोबरच होतं. पण मागून थोडं वरच्या बाजूने ६३ बघा एकदा, ती रेघ जशी खाली उतरत जाते ना, तिथे मिचेलचंही काही चुकलं असं म्हणवत नाही.

बॉनेटची गोष्ट मला त्याहून आवडते पण ती कोणी फारशी सांगत नाही. ६३ ला बॉनेटवर दोन खळगे आणि त्यात दोन जाळ्या आहेत, वाटतं इथून इंजिनाला हवा मिळत असेल, पण मिळत काही नाही, नुसत्या शोभेच्या. ६४ ला जाळ्या काढल्या पण खळगे तसेच राहिले, म्हणजे जखम भरली पण व्रण राहिला. ६५ ला तेही गेले आणि बॉनेट गुळगुळीत.

आणि ६५ ला फक्त पुसापुशी नाही झाली, खोटं होतं ते खरं केलं. चाकामागच्या आडव्या खाचा आधी नुसत्या दिखाऊ होत्या, त्याच जागी आलेल्या तीन उभ्या फटींतून खरोखर इंजिनाची गरम हवा बाहेर पडते. त्याच वर्षी चारही चाकांना डिस्क ब्रेक स्टँडर्ड आले, तोपर्यंत ड्रमवर भागत होतं. ३२७ क्युबिक इंचाच्या (हे इंजिनाच्या आकाराचं माप) फ्युएल इंजेक्शन इंजिनाची ताकद ३७५ हॉर्सपॉवर, आणि ते असतानाच ३९६ क्युबिक इंचाचं मोठं इंजिन ४२५ हॉर्सपॉवर घेऊन आलं, मग ६५ नंतर इंजेक्शन बंदच झालं. ब्रेक आणि ताकद एकाच वर्षी वाढले हे किती शहाणपणाचं.

६६ ला पुढची जाळी चौकटी-चौकटींची झाली, कूपेच्या छपराच्या खांबावरच्या हवेच्या फटी गेल्या, बाकी विशेष नाही.

६७ म्हणजे खरं तर बोनस वर्ष. नवीन बॉडी त्याच वर्षी यायची होती पण ती लांबली आणि ६८ ला आली, त्यामुळे या जुन्या आकाराला एक वर्ष जास्तीचं मिळालं आणि त्यात तो अजून साफ झाला. बाजूचे बिल्ले गेले, फटी पाच झाल्या आणि तिरक्या, नंबर प्लेटच्या वर मधोमध एकच रिव्हर्स लाइट, हँडब्रेक डॅशबोर्डखालून निघून दोन सीटच्या मध्ये आला. मला विचाराल तर आकार म्हणून ६७ सगळ्यात पूर्ण आहे, तिच्यावरून आता काढण्यासारखं काही उरलेलंच नाही.

पण शेल्फवर मला ६३ च पाहिजे होती. विक्रेत्याला फोटो पाठवले, त्याचं उत्तर आलं की मॉडेल असंच येतं. मग परत नाही केली, पट्टी आणि बॉनेट तर बरोबर आहे ना. फटींमध्ये पुट्टी भरली, सुकू दिली, बारीक पॉलिश पेपरने घासली, आणि जुने फोटो समोर ठेवून डाव्या बाजूला दोन आडव्या खाचा कोरल्या. वरची खाच केसभर वाकडी गेलीये, ती परत भरून नीट करायचीये आणि मग उजवी बाजू.