तुम्ही विचारलंत म्हणून: आढं अजून वाकडंच कसं?

घरी येणारा प्रत्येक माणूस अंगणात थांबतो, मान वर करतो आणि तेच विचारतो. एवढे दिवस घर उघडं टाकलंत, कौलं उतरवलीत, वासे बदललेत, मग छपराच्या माथ्यावरचं हे आडवं लाकूड, आढं, मधे अजून झुकलेलंच कसं? मिस्त्रीने फसवलं का? आजवर मी "तसंच ठेवायचं असतं" एवढंच सांगून विषय बदलत आलो. आज सगळं सांगतो.

मिस्त्रीने फसवलेलं नाही, हे आधी. आढं मधोमध साडेचार इंच खाली होतं, आता सव्वातीन इंच आहे. जुनं लाकूड वर्षानुवर्षं ओझं घेऊन वाकलं की तो बाक त्याच्यात मुरतो, ओझं काढलं म्हणून ते सरळ होत नाही. आम्ही सगळी कौलं उतरवली तेव्हा आढं किती वर आलं असेल? जेमतेम अर्धा इंच. बाकीचा बाक आता त्याचाच झालाय.

आणि मुळात नुसतं आढं खाली आलं नव्हतं, भिंती बाहेर गेल्या होत्या. दोन पत्ते एकमेकांना टेकवून उभे केले की त्यांची खालची टोकं बाहेर सरकायला बघतात ना, वाशांचं तेच असतं, आणि ती टोकं धरून ठेवते ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलेली आडवी तुळई. आमच्याकडची मधली तुळई दहा वर्षांपूर्वी कापली गेली. कापली गेली म्हणजे मीच कापून घेतली. माळ्यावर खोली करायची होती आणि ती बरोबर कपाळाला लागायची. तेव्हाच्या सुताराने एकदा विचारलं होतं, नक्की ना? मी म्हटलं, हिच्यावर तर काही टेकलेलंच नाही, ही करते काय? वरून खरंच काही टेकलेलं नव्हतं. ती ताणात होती, आणि ताण डोळ्याला दिसत नाही. आजही मनात येतं की मला कोणी समजावून का नाही सांगितलं, पण त्याने विचारलं होतं, हेही खरंच आहे.

त्यात गळती. आढ्यावरचं एक कौल तडकलेलं, पाणी वाशावरून उतरून थेट भिंतीत रोवलेल्या टोकात मुरायचं. वरून रंग शाबूत होता आणि स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला.

आता तो दिवस. आढ्याखाली टेकू आणि जॅक लावले होते, भिंतींना आतून सळ्या टाकून आवळत होतो, आणि मिस्त्रीचा नियम होता की दिवसाला 2 मिलिमीटर, जास्त नाही. नऊ दिवस झाले. वर नुसती ताडपत्री, आभाळ भरून यायला लागलेलं, माझा जीव थाऱ्यावर नव्हता. संध्याकाळी तो गेल्यावर मी एकटा माळ्यावर चढलो आणि जॅक फिरवला. जड लागत नव्हता म्हणून आणखी फिरवला. सेंटिमीटरभर तरी असेल. दोरी लावून बघितलं, आढं तीन इंचाच्या आत आलं होतं आणि मला, खरं सांगतो, आनंद झाला. मध्यरात्री कडाड्कन आवाज झाला. आतल्या दारावरून तिरकी भेग गेली होती, बोट जाईल एवढी, खाली गिलाव्याचा ढीग, आणि आढ्याजवळ एका वाशाचं कुसू, म्हणजे खाचेत बसणारं टोक, उभं चिरलेलं. त्याच दाराच्या पलीकडे आई झोपली होती. ती उठून बसली आणि म्हणाली, "काय पडलं रे?"

सकाळी मिस्त्रीने भेगेवरून हात फिरवला. "कोणी फिरवला?" मी म्हटलं, "मी." तो काहीच बोलला नाही. दिवसभर थांबत थांबत जॅक सैल करत त्याने आढं सव्वातीनवर आणलं आणि म्हणाला, आता इथेच बांधायचं.

तसंच बांधलं. कुजलेली टोकं कापून नवं लाकूड बोल्टने जोडलं, वाकलेल्या वाशांना लागून नवे सरळ वासे दिले. तेही उभ्या अंगाने, म्हणजे रुंद बाजू उभी ठेवून, कारण उंची दुप्पट केली तर वासा आठपट ताठ होतो आणि जाडी दुप्पट केली तर फक्त दुप्पट. त्यामुळे "जाडजूड घ्यायचे ना" म्हणणाऱ्यांनी हे एकदा समजून घ्या. आणि तुळई परत बसवली, कपाळाच्या उंचीवर.

"तसंच ठेवायचं असतं" हे उत्तर खोटं नाहीये. पूर्ण सरळ करायला गेलो असतो तर घर मोडलं असतं. पण सव्वातीनच का, दोन का नाही? ते लाकडाच्या वयामुळे की माझ्या त्या संध्याकाळमुळे? मिस्त्रीला एकदा विचारलं. तो म्हणाला, सांगता येत नाही. मी अजून काही दिवस थांबलो असतो तर कदाचित तीनच्याही आत आलो असतो, किंवा पाऊस आला असता आणि उघड्या भिंती भिजल्या असत्या. कधी एक पटतं, कधी दुसरं.

भेग भरायच्या आधी तिच्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवून ठेवलीय, भिंत जरा जरी हलली तरी काच तडकते. चार महिने झाले, अजून अखंड आहे. मिस्त्री म्हणतो आता भरून टाका. मी अजून भरलेली नाही.